तुमच्या एका लाखाचा राखणदार कोण?

समजा, हातात एक लाख रुपये मोकळे आहेत. ते स्टेट बँकेत मुदत ठेवीत टाकले तर त्यावर लक्ष ठेवणार रिझर्व्ह बँक. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत टाकले तर सहकार खात्याचा निबंधक. म्युच्युअल फंडात टाकले तर शेअर बाजारावर नजर ठेवणारी सेबी, विम्यात टाकले तर विमा नियामक इर्डा, एनपीएस या पेन्शन योजनेत टाकले तर पेन्शन नियामक पीएफआरडीए. नोंदणीकृत भिशीत टाकले तर १९८२ चा चिट फंड कायदा. आणि ओळखीतल्या कुणी 'महिन्याला चार टक्के सोडतो' म्हणून घेतले, तर आधी कुणीच नाही, बुडाल्यावर पोलीस.

लाख तेच, घाम गाळून जमवलेले. पण आपला कायदा तो घाम बघत नाही. पैसे कुणी घेतले आणि कोणत्या नावाने घेतले, एवढंच तो विचारतो. नाव बदललं की राखणदार बदलतो, आणि भरपाईची शक्यताही बदलते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले आपल्याकडचे बहुतेक मोठे घोटाळे काढून बघा. दोन राखणदारांच्या हद्दीमधली मोकळी जागा कुणीतरी नेमकी हेरलेली दिसेल.

ही हद्द आखली राज्यघटनेने. सातव्या अनुसूचीत बँकिंग, विमा आणि शेअर बाजार हे तिन्ही विषय केंद्राच्या यादीत आहेत. सावकारी आणि सहकारी संस्था राज्याच्या यादीत. सावकारी राज्याकडे असण्यामागे जुना इतिहास आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्त जाळले, दंगे पुणे-नगर भागात पसरले आणि इंग्रज सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. (गंमत म्हणजे मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संघटना उभी केली तीही १८७५ मध्येच. एकाच इलाख्यात एकीकडे कर्जरोखे पेटत होते, दुसरीकडे रोख्यांचा बाजार बसत होता.) आजही परवाना नसलेला सावकार हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानुसार, सावकारीच्या व्यवहारात जमीन बळकावली गेली असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून ती परत देण्याचा आदेश काढू शकतो.

आता प्रश्न असा, की 'सहकारी बँक' कुणाची? बँक म्हणून केंद्राची, सहकारी म्हणून राज्याची. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला, पण अर्धवट. परवाना आणि बँकेचा व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी, निवडणुका, संचालक मंडळाचा कारभार निबंधकाकडे. घरात दोन मालक असले की गळक्या नळाकडे कुणीच बघत नाही, तसं हे पन्नासहून अधिक वर्षं चाललं.

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने ते उघड्यावर आणलं. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५-अ खाली तिच्यावर निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी खातेदारांना कळलं, की पुढच्या सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येतील. महिन्याला नव्हे, सहा महिन्यांत मिळून. ही मर्यादा नंतर दहा हजार, पंचवीस हजार अशी वाढवत नेली, पण मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी सोसायट्यांची दुरुस्ती निधीची खाती, आजारी माणसांचे उपचाराचे पैसे, लग्नासाठी मोडायच्या ठेवी सगळं त्या आदेशात अडकलं. बँकेच्या कर्जांपैकी जवळपास ७० टक्के रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती आणि ते लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली, असं पोलीस तक्रारीत म्हटलं होतं. एका कर्जदाराला किती द्यायचं यावर मर्यादा असते. इथे कागदावर तो एक कर्जदार नव्हताच, हजारो होते. लेखापरीक्षण झालं, तपासणी झाली, आणि तरीही.

२०२० मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलला. सहकारी बँकांचं व्यवस्थापन, लेखापरीक्षण, विलीनीकरण यांवर रिझर्व्ह बँकेला व्यापारी बँकांसारखाच बराचसा अधिकार मिळाला. पीएमसी २५ जानेवारी २०२२ ला युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांची पाच लाखांच्या वरची रक्कम मात्र हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांपर्यंत ताणून मिळणार असं त्या योजनेत ठरलं. आयुष्यभराची पुंजी ठेवलेल्या सत्तरीतल्या माणसाने दहा वर्षं थांबायचं!

हे पाच लाख काय आहेत, ते नीट समजून घेऊ. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे कमाल पाच लाख देतं. त्याचा हप्ता बँक भरते, तुम्ही नाही. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या ठेवी एकत्र धरतात आणि व्याजही त्यातच मोजतात. म्हणजे ४ लाख ८० हजारांची एफडी आणि त्यावर साचलेलं ३५ हजार व्याज असेल, तर होतात ५ लाख १५ हजार, हातात येतात ५ लाख. नवरा-बायकोचं संयुक्त खातं आणि नवऱ्याचं एकट्याचं खातं वेगळं धरलं जातं. त्याच बँकेचं कर्ज थकलं असेल तर ते वजा होतं. २०२१ च्या दुरुस्तीमुळे आणखी एक बरं झालं: बँकेवर निर्बंध आले, की दिवाळखोरीची वाट न बघता साधारण ९० दिवसांत ही विम्याची रक्कम मिळायला हवी.

या मर्यादेचा इतिहास मला फार बोलका वाटतो. केरळातली पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाली, म्हणून १९६२ मध्ये ठेव विमा सुरू झाला, तेव्हा १,५०० रुपयांचा. तो वाढत वाढत ३० हजारांवर आला. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात आपली बँक ऑफ कराड बुडाली, आणि १ मे १९९३ ला मर्यादा एक लाख झाली. मग सत्तावीस वर्षं तिला कुणी हात लावला नाही. पीएमसी झालं आणि चार-पाच महिन्यांत, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. कुणीतरी बुडाल्याशिवाय हा आकडा सहसा हलत नाही, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

बँक ऑफ कराडचं नाव आलंच आहे तर त्या रोखे घोटाळ्याबद्दल, म्हणजे शेअर दलाल हर्षद मेहताच्या प्रकरणाबद्दल, दोन शब्द. लोक त्याला शेअर घोटाळा म्हणतात, पण पैसा निघाला होता बँकांतून. बँका आपसात सरकारी रोखे, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद, विकत-घेत तेव्हा प्रत्यक्ष रोखा देण्याऐवजी 'बँक रिसीट' नावाची पावती देत. रोखा माझ्याकडे आहे, नंतर देतो, एवढाच तिचा अर्थ. बँक ऑफ कराड आणि मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक यांनी रोखे हातात नसताना अशा पावत्या काढल्या. त्या पावत्यांवर मोठ्या बँकांनी दिलेला पैसा दलालांमार्फत शेअर बाजारात गेला. बँकांवर रिझर्व्ह बँकेची नजर होती. बाजारासाठी सेबी १९८८ पासून होती, पण दात नसलेली. तिला कायद्याचं बळ देणारा सेबी कायदा ४ एप्रिल १९९२ चा, आणि घोटाळ्याची बातमी फुटली २३ एप्रिलला. पैसा ज्या वाटेने गेला, ती वाट दोघांच्या कुंपणांमधून जात होती.

इथे एक मूलभूत फरक सांगायला हवा, कारण तो न कळल्यामुळे लोक सेबीवर चुकीच्या कारणासाठी चिडतात. बँकेच्या कायद्याचा रोख तुमचा पैसा परत मिळण्यावर आहे. शेअर बाजाराच्या कायद्याचा रोख तुम्हाला खरी माहिती मिळण्यावर आहे. पूर्वी असं नव्हतं. १९४७ च्या कायद्याखाली दिल्लीत एक नियंत्रक बसायचा आणि कंपनीने शेअर किती रुपयांना विकायचा हे तो ठरवायचा. १९९२ मध्ये तो कायदा रद्द झाला. आता कंपनी हवा तो भाव लावू शकते. फक्त धंदा, कर्ज, कोर्टकज्जे, प्रवर्तकांचे उद्योग, सगळं माहितीपत्रकात खरं-खरं लिहायचं. त्याच माहितीपत्रकात एक परिच्छेद असतो, जो कुणीच वाचत नाही: सेबीकडे हा मसुदा दिला याचा अर्थ सेबीने योजनेला मान्यता दिली किंवा तिची हमी घेतली असा नाही. आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली जाहीर शेअर विक्री, आपटला तर सेबी भरपाई देणार नाही. कंपनीने खोटं लिहिलं, आतल्या माणसाने निकालाआधी शेअर विकले, दलालाने तुमचे शेअर परस्पर गहाण टाकले, तर मात्र सेबी मागे लागेल. तिच्याकडे नियम करणं, तपास करणं आणि शिक्षा देणं हे तिन्ही अधिकार आहेत. तिच्या आदेशाविरुद्ध मुंबईतल्या रोखे अपील न्यायाधिकरणात, म्हणजे सॅटमध्ये, आणि तिथून थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं.

दलालाचा मुद्दा नुसता तोंडी लावण्यापुरता नाही. २०१९ मध्ये एका मोठ्या ब्रोकरने ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर त्यांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकल्याचं सेबीने उघड केलं. तेव्हापासून तारणासाठी शेअर तुमच्याच डिमॅट खात्यात राहतात आणि गहाण टाकायला तुमच्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो. तो ओटीपी 'साहेब, जरा सांगा ना' म्हणून फोनवर मागणारा असतो, आणि सांगणारेही असतात. असो.

कायद्याने मोकळीक दिली म्हणजे फायदा होईल असंही नाही. फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांचा, व्यापार पूर्ण कायदेशीर आहे, सेबीच्या नजरेखाली चालतो, आणि सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत त्यातल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर.

आता परत नावांच्या खेळाकडे. त्याचा सर्वांत मोठा नमुना सहारा. सहाराच्या दोन कंपन्यांनी सुमारे तीन कोटी लोकांकडून २४ हजार कोटींवर रक्कम गोळा केली. बहुतेकांच्या लेखी ती 'सहारात टाकलेले पैसे' अशीच होती. कागदावर मात्र तो रोखा होता, हवं तर पुढे शेअरमध्ये बदलता येणारा डिबेंचर (कंपनीचा कर्जरोखा), आणि कंपनीचं म्हणणं असं, की आम्ही तो फक्त हितचिंतकांना खासगीत विकला. आमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेलीच नाही, तेव्हा सेबीचा संबंध काय? कायदा असा होता, की पन्नास किंवा जास्त लोकांना देऊ केलेला रोखा हा सार्वजनिक समजायचा. पन्नास कुठे आणि तीन कोटी कुठे! ३१ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने सेबीच्या बाजूने निकाल दिला आणि १५ टक्के व्याजासह पैसे परत करायला सांगितलं.

एनएसईएल, म्हणजे नॅशनल स्पॉट एक्स्चेंज, हे त्याहून चलाख प्रकरण, आणि पूर्णपणे मुंबईचं. नावाप्रमाणे तो शेतमालाचा हजर बाजार होता: माल द्या, पैसे घ्या. २००७ च्या एका सरकारी अधिसूचनेने एका दिवसाच्या करारांना वायदे बाजाराच्या, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या, कायद्यातून सूट मिळाली होती. मग तिथे जोडीचे सौदे सुरू झाले. तुम्ही आज गोदामातला माल विकत घ्यायचा, पैसे दोन दिवसांत द्यायचे, आणि त्याच क्षणी तोच माल त्याच माणसाला पंचवीस दिवसांनी परत विकण्याचा सौदा करायचा. खरेदी-विक्रीच्या भावातला फरक आधीच ठरलेला. साखर असो की एरंडेल, गुंतवणूकदाराने माल कधी बघितलाही नाही. याला व्यापार म्हणा, पण हे उसने दिलेले पैसे आणि त्यावरचं व्याज होतं. वायदे बाजार आयोग म्हणे हा हजर बाजार, रिझर्व्ह बँकेच्या लेखी ही ठेव नव्हे, सेबीच्या लेखी हा रोखा नव्हे. ३१ जुलै २०१३ ला सौदे थांबले. गोदामांत माल पुरेसा नव्हता, सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी अडकले. नंतर वायदे बाजार आयोगच २०१५ मध्ये सेबीत विलीन करून टाकला.

या प्रकरणात उपयोगी पडला तो दिल्लीचा कुठलाही कायदा नव्हे, तर महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, पोलिसांच्या भाषेत एमपीआयडी. त्यात 'ठेव' शब्दाची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे: पैसे किंवा मौल्यवान वस्तू घेतली आणि ठरावीक मुदतीनंतर ती पैशांत, वस्तूत किंवा सेवेत परत द्यायची कबुली दिली, की झाली ठेव. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनएसईएलला हा कायदा लागू होतो असं सांगितलं. या कायद्याखाली संचालकांची मालमत्ताही जप्त होते आणि विशेष न्यायालयामार्फत विकून ठेवीदारांत वाटता येते. जप्ती लवकर होते. वाटपाला वर्षं लागतात, हेही खरं.

राखणदार आपसात भांडतात तेव्हा काय होतं, ते २०१० मध्ये दिसलं. युलिप नावाच्या पॉलिसीत विमा थोडा आणि बाजारातली गुंतवणूक जास्त, म्हणून ९ एप्रिलला सेबीने चौदा विमा कंपन्यांना आमच्या नोंदणीशिवाय युलिप विकू नका असं बजावलं. दुसऱ्याच दिवशी इर्डाने त्यांना सांगितलं, विका. शेवटी जूनमध्ये अध्यादेश काढून सरकारला ठरवावं लागलं, की युलिप हा विमाच. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने २०१३ मध्ये सुचवलं होतं, की हे सगळे सुटे कायदे मोडून एक संहिता करा आणि शेअर, विमा, पेन्शन, वायदे यांना एकच नियामक द्या. वायदे आयोगाचं विलीनीकरण सोडलं तर नियामक एक करण्याचा तो भाग बहुतांशी कागदावरच राहिला. मला विचाराल तर कारण सोपं आहे: आपली हद्द कोण सोडेल?

मोकळी जागा बुजवण्याचा सर्वांत थेट प्रयत्न म्हणजे २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा. त्याने उलटा विचार केला. कोणत्या योजना बेकायदा ते सांगण्याऐवजी कोणत्या नियंत्रित, त्याची यादी परिशिष्टात दिली. यादीबाहेर लोकांकडून धंदा म्हणून ठेवी घेणं हाच गुन्हा, मग पैसे बुडालेले असोत वा नसोत. नुसती जाहिरात करून लोकांना ओढणाऱ्यालाही एक ते पाच वर्षं कैद होऊ शकते. नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने यातून वगळलेत, तेव्हा भावाने दिलेल्या पन्नास हजारांची काळजी नको. तरी जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या दुकानासमोर गर्दी जमलीच. खडे विकत घ्या, दर आठवड्याला टक्केवारी घ्या, अशी ती योजना. दागिन्यांचं दुकान म्हटल्यावर आत ठेव योजना चालते हे कागद बघून कळणार कुणाला? कायदा होता, दारावर जाऊन बघणारा माणूस नव्हता.

पतसंस्थेबद्दल स्वतंत्र बोललं पाहिजे, कारण महाराष्ट्रात ती गावोगाव आहे आणि बऱ्याच चांगल्या चालतातही. पण पतसंस्थेच्या ठेवीला डीआयसीजीसीचा पाच लाखांचा विमा नाही. पाटीवर ठळक अक्षरांत 'अर्बन', बारीक अक्षरांत 'क्रेडिट सोसायटी', आत काउंटर, पासबुक, टाय लावलेला कॅशियर; बँकच वाटते. रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का आणि ठेव विम्याची सूचना लावली आहे का, एवढं विचारा. 'मल्टिस्टेट' असेल तर तिचा निबंधक पुण्याच्या सहकार आयुक्तालयात नसून दिल्लीत केंद्रीय निबंधक असतो, म्हणजे तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे गेलात तर तो हात वर करणार.

कर्जाच्या बाजूनेही तेच. मोबाइलवरचं ॲप स्वतः कर्ज देत नाही. त्यामागे रिझर्व्ह बँकेची नोंदणी असलेली बँक किंवा वित्त कंपनी असावी लागते आणि तिचं नाव कर्ज घेण्याआधी तुम्हाला सांगावं लागतं. नाव सांगत नसेल तर ती सावकारीच, फक्त वहीच्या जागी ॲप. वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही.

पैसे अडकले किंवा कुणी फसवलं, तर तक्रारही नावाप्रमाणेच वाटली जाते. बँक आणि वित्त कंपनीकडे आधी लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फी शून्य. शेअर आणि म्युच्युअल फंडासाठी सेबीचं स्कोअर्स पोर्टल. विम्यासाठी विमा लोकपाल; आयुर्विमा पॉलिसी तीन वर्षं जुनी झाली असेल तर 'तुम्ही आजार लपवला होता' म्हणून दावा नाकारता येत नाही, हे तिथे आवर्जून सांगा. पतसंस्थेसाठी उपनिबंधक. बाकी सगळ्यासाठी आर्थिक गुन्हे शाखा, आणि तिथे जाताना मूळ पावत्या, बँकेचा उतारा आणि एजंटचे व्हॉट्सॲप संदेश छापून न्या. एमपीआयडीत वाटपाची वेळ आली, की रक्कम सिद्ध करायची पाळी ठेवीदारावर येते, आणि रोखीने देऊन पावती न घेतलेल्यांचे दावे तिथेच अडतात.